खरचुडीत २२, रानकांद्यात कधी २० तर कधी ४० : गुणसूत्रांचा आकडा डोंगरावरच्या दुर्मिळ झाडांबद्दल काय सांगतो?

सातारा/सांगली : कास, पाचगणी, चाळकेवाडीपासून चांदोलीपर्यंतच्या पठारांवर आणि सड्यांवर पावसाळ्यात एक छोटं, कंदिलाच्या आकाराचं फूल दिसतं. कुठे त्याला खरचुडी म्हणतात, कुठे खरपुडी, तर पुस्तकात कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. याच्या कितीतरी जाती आज दुर्मिळ किंवा धोक्यात आलेल्या यादीत आहेत. याच डोंगरउतारांवर रानकांदाही आहे. तो अजून बऱ्याच ठिकाणी सापडतो, पण औषधासाठी कांदे उपटले जात असल्याने तोही कमी होत चालला आहे.

या झाडांचा अभ्यास करणारे लोक फूल-पान तर बघतातच, पण मुळाचं टोक कापून नेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजतात. त्या मोजणीतून एक कामाची गोष्ट कळते. झाड कमी होतंय ते त्याच्या आतल्या दोषामुळे, की त्याची जागा जात असल्यामुळे? खरचुडीच्या बाबतीत उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. आतला हिशेब ठीक आहे, जागा ठीक नाही. रानकांद्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. दोन्ही समजून घेतले तर गावाने काय जपायचं आणि काय करायचं नाही, हेही लक्षात येतं.

गुणसूत्र म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाचं शरीर पेशींचं बनलेलं असतं. पेशीच्या केंद्रात धाग्यासारखे तुकडे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. फुलाचा रंग, पानाचा आकार, रोगाला तोंड द्यायची ताकद, या सगळ्याची माहिती त्यांच्यावर असते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. म्हणजे दोन संच. झाडांचंही तसंच असतं. निम्मी गुणसूत्रं परागकणातून येतात, निम्मी बीजांडातून.

आपल्या शेतातल्या पिकांचे आकडे असे आहेत :

- कांदा : १६
- हरभरा : १६
- ज्वारी : २०
- मका : २०
- भात : २४
- केळी : ३३
- द्राक्ष : ३८
- भुईमूग : ४०
- सोयाबीन : ४०
- बटाटा : ४८
- स्ट्रॉबेरी : ५६
- हळद : ६३
- ऊस : साधारण १०० ते १३०

आकडा मोठा म्हणजे झाड भारी, असं काही नसतं. बटाट्याची गुणसूत्रं माणसापेक्षा दोन जास्त आहेत. महत्त्वाचं हे की संच किती आहेत आणि बी तयार होताना त्यांच्या जोड्या नीट जुळतात की नाही.

दोन संच, तीन संच, चार संच

परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रं आधी जोडीने उभी राहतात, मग निम्मी इकडे, निम्मी तिकडे जातात. दोन संच असतील तर वाटणी सरळ होते. चार असतील तरी बहुतेक वेळा निभावतं. पण तीन संच असले की दोघांची जोडी लागते आणि तिसरा एकटा राहतो. वाटणी विस्कटते, परागकण पोकळ निघतात, बी धरत नाही.

याचं सर्वात जवळचं उदाहरण सांगलीची हळद. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या ६३ गुणसूत्रांमध्ये २१-२१ चे तीन संच आहेत. म्हणूनच हळदीचं बी पेरत नाहीत, गड्डे लावतात. केळीचंही तेच. ११-११ चे तीन संच, फळात बी नाही, लागवड मुनव्याने किंवा टिश्यू कल्चर रोपांनी.

दुसरं उदाहरण गव्हाचं. खपली गव्हात २८ गुणसूत्रं असतात, साध्या गव्हात ४२. दिसायला दोन्ही गहूच. पण दोघांचा संकर केला तर एकाकडून १४ आणि दुसऱ्याकडून २१ मिळून ३५ होतात. त्यातल्या सात गुणसूत्रांना जोडीदारच नसतो. अशा रोपाच्या ओंबीत दाणे नीट भरत नाहीत.

उसातला आकडा इतका मोठा आणि कमी-जास्त का, तर जाड, गोड ऊस आणि जंगली, काटक ऊस यांचे संकर करून आजचे वाण तयार झाले. कोईमतूरच्या ऊस केंद्रात या कामात जानकी अम्माळ या भारतीय शास्त्रज्ञाही होत्या. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला, तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेतकऱ्याला तीन संच चालतात, कारण बेणं तो स्वतः जपतो. डोंगरावर बेणं जपायला कोणी नसतं. तिथे बी धरलं नाही की झाडाचा पसारा वाढत नाही. म्हणून रानातल्या झाडासाठी हा आकडा जास्त मोलाचा.

मोजतात कसं?

गुणसूत्रं कायम दिसत नाहीत. पेशी दुभंगत असताना थोडा वेळच ती आखूड, जाड होऊन वेगळी दिसतात. वाढत्या मुळाच्या टोकाला पेशी सतत दुभंगत असतात, त्यामुळे तिथला एखादा सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. अख्खं झाड उपटावं लागत नाही. कुंडीतल्या रोपाची दोन-तीन मुळं कापली तरी काम होतं.

मुळं सकाळच्या ठराविक वेळी घेतात. आधी एका रसायनात ठेवून पेशींचं दुभंगणं मधेच थांबवतात. मग अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात टिकवतात, आम्लात मऊ करतात, रंग देतात आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून पेशींचा पातळ थर करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. एका पेशीवर कोणी विसंबत नाही. बऱ्याच पेशींत तोच आकडा आला तरच तो धरतात. कांद्याची मुळं घेऊन हाच प्रयोग बीएस्सीची मुलं कॉलेजात करतात.

आकड्याबरोबर प्रत्येक गुणसूत्राची लांबी आणि त्याची मधली अरुंद जागा, म्हणजे गुणसूत्रबिंदू, कुठे आहे हेही मोजतात. दोन झाडांचा आकडा सारखा असला तरी या मापात फरक असू शकतो. ज्या झाडाचं मूळ घेतलं त्याचा वाळवलेला नमुना जागेच्या नोंदीसह जपून ठेवावा लागतो. नाहीतर आकडा नेमका कोणत्या झाडाचा हे पुढे सांगता येत नाही.

पेशींचं दुभंगणं थांबवणाऱ्या रसायनांपैकी एक आहे कोल्चिसीन. ते आपल्या कुंपणावरच्या कळलावीच्या बियांत आणि कंदात असतं. कोल्चिसीनने गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, हे १९३७ मध्ये जगापुढे आलं आणि पीकसुधारणेत त्याचा वापर सुरू झाला. कळलावीचा कंद अत्यंत विषारी आहे. घरगुती औषध म्हणून तो पोटात घेऊ नये. माणसं दगावू शकतात.

खरचुडीचा हिशेब : ११ आणि ११

खरचुडी रुईच्या कुळातली. जगात तिच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, महाराष्ट्रात वीसहून जास्त. त्यातल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीतच सापडतात. एका जातीचं शास्त्रीय नावच पाचगणीवरून पडलं आहे, सेरोपेजिया पांचगणीएन्सिस. ते ब्लॅटर आणि मॅकॅन या मुंबईत काम केलेल्या अभ्यासकांनी दिलं. कास भागात दिसणाऱ्या बुटक्या, सरळ वाढणाऱ्या सेरोपेजिया जैनीला वनस्पतिशास्त्रज्ञ एस. के. जैन यांचं नाव आहे. काही जाती अशा वीतभर उभ्या राहतात, तर काही वेलासारख्या झुडपांवर चढतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जातींवर वर्षानुवर्षं काम केलं. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांचा संग्रहही आहे.

या जातींच्या मोजणीत बहुतेक ठिकाणी एकच आकडा येतो, २२. म्हणजे ११-११ चे दोन संच. या वंशात दुप्पट, म्हणजे ४४ गुणसूत्रं क्वचितच आढळतात.

आता बांधावरची रुई बघा. तिची गुणसूत्रंही २२. रुई कुठेही उगवते, पडीक जमिनीत, रस्त्याकडेला, उकिरड्यावर. त्याच कुळातली, तितक्याच गुणसूत्रांची खरचुडी मात्र एखाद्या पठाराच्या कोपऱ्यात मोजकीच सापडते. म्हणजे खरचुडी दुर्मिळ आहे ती गुणसूत्रांच्या आकड्यामुळे नाही. दोन संच असल्याने तिची वाटणी सरळ होते, चांगलं बी तयार करायची ताकद तिच्यात आहे.

मग कमी का होते?

पहिलं कारण फुलाची रचना. खरचुडीचं फूल म्हणजे माशीचा पिंजरा. वासाने बारीक माश्या आत शिरतात. नळीतले केस खालच्या बाजूला झुकलेले असल्याने त्यांना लगेच परत फिरता येत नाही. काही वेळाने केस सुकतात, माशी परागाची पुडी घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या फुलात जाते. दुसरं फूल जवळपास असेल तरच शेंग धरते. झाडं विरळ झाली की माशी रिकामी फिरते आणि शेंगा आणखी कमी होतात.

दुसरं कारण कंद. पावसाळा संपला की वरचा भाग वाळून जातो. झाड पुढच्या पावसापर्यंत जमिनीखाली कंदात जिवंत राहतं. हा कंद खाता येतो. गुराखी तो खणून खातात, रानडुक्कर आणि साळिंदरही खातात. कंद गेला की झाड कायमचं गेलं. फूल येऊन शेंग तडकायच्या आधी कंद काढला तर त्या वर्षीचं बीही गेलं.

तिसरं आणि सर्वात मोठं कारण जागा. जांभ्याच्या पठारावर मातीचा थर पातळ असतो. उन्हाळ्यात तिथे काहीच नाही असं वाटतं, पण कंद खालीच असतात. त्या महिन्यांत जेसीबी लावून मुरूम काढला, पवनचक्कीसाठी किंवा हॉटेलसाठी रस्ता केला, गाड्या उभ्या करायला जागा सपाट केली, तर काय गेलं ते कोणाला दिसतच नाही. पुढच्या पावसाळ्यात फूल आलं नाही, एवढंच कळतं.

शेंग तडकल्यावर रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात, बी वाऱ्यावर जातं. पण पठाराच्या कडेला शेत, डांबर आणि प्लॉट असतील तर ते बी उतरून रुजणार कुठे? एका पठारावरची झाडं दुसऱ्या पठारापासून तुटतात. थोड्याच झाडांत पुन्हा पुन्हा परागीभवन होत राहिलं तर पुढच्या पिढ्या कमजोर होत जातात. गुणसूत्रांचा आकडा २२ च राहतो, पण त्यावरच्या माहितीतलं वैविध्य आटतं.

रानकांद्याचा हिशेब वेगळा

रानकांदा किंवा कोळकांदा, शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. उन्हाळ्यात पानं नसताना जमिनीतून सरळ दांडा येतो, त्याला फिकट फुलं येतात. पानं पावसाळ्यात येतात. त्याचा कांदा विषारी असून त्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. जुन्या औषधांत त्याचा वापर होता, म्हणून तो गोळा करून विकला जातो.

याचा मूळ संच १० चा. पण भारतातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांत २०, ३०, ४० आणि ६० असे आकडे मिळाले आहेत. म्हणजे दोन, तीन, चार आणि सहा संच. बाहेरून बघून फरक सांगणं अवघड. शेजारशेजारचे दोन रानकांदे एकसारखे दिसले तरी एकात २० आणि दुसऱ्यात ३० असू शकतात.

हे कसं होतं? कधी परागकण किंवा बीजांड बनताना वाटणी चुकते आणि निम्म्याऐवजी पूर्ण गुणसूत्रं जातात. असे दोन एकत्र आले तर चार संचांचं झाड तयार होतं. चार संचवालं आणि दोन संचवालं झाड जवळ असलं की त्यांच्यापासून तीन संचांचं झाड होऊ शकतं. त्याचा कांदा चांगला पोसतो, बाजूला पिलं फुटतात, पण बी नीट धरत नाही. हळदीसारखीच गत.

म्हणून तीन संचांच्या रानकांद्याचा कांदा उपटला तर त्याच्या बियांतून जागा भरून निघेल अशी आशा नसते. आणि कोणता कांदा दोन संचांचा, कोणता तीनचा, हे उपटणाऱ्याला कळत नाही. एका उतारावरचे सगळे कांदे नेले तर तिथली खास जोडणीच संपते. शेजारच्या डोंगरावर रानकांदा आहे म्हणून ती परत मिळत नाही.

वाचवायला हा आकडा कुठे लागतो?

रोपं तयार करून डोंगरावर परत लावायची वेळ येते तेव्हा. खरचुडीच्या अनेक जातींची टिश्यू कल्चर रोपं प्रयोगशाळेत तयार झाली आहेत. पण बाटलीत पेशी वाढवताना कधीकधी गुणसूत्रांत बदल होतो. म्हणून अशी रोपं रानात लावण्याआधी त्यांचा आकडा मूळ झाडाशी ताडून बघावा लागतो.

दुसरं, कोणत्या ठिकाणचं बी कुठे न्यायचं हे ठरवताना. ज्या जातीत आकडे बदलतात, तिथे एका डोंगराचं झाड दुसऱ्या डोंगरावर लावलं तर दोन्हींच्या संकरातून वांझ रोपं तयार होऊ शकतात. आधीच थोड्या असलेल्या झाडांची फुलं अशी वाया गेली तर नुकसान दुप्पट. ज्या जातीत आकडा सारखा आहे, तिथे उलटी भीती असते. खरचुडीच्या दोन जवळच्या जाती एकत्र आणल्या तर त्यांच्यात संकर होऊन मूळ जातच पुसट होऊ शकते. म्हणून प्रत्येक ठिकाणचं झाड त्याच ठिकाणी जपणं हा सर्वात खात्रीचा मार्ग.

कास पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत २०१२ पासून आहे. चांदोलीचं रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण खरचुडी आणि रानकांदा फक्त तिथेच नाहीत. गायरानात, देवराईत, गडाच्या उतारावर, पवनचक्क्यांच्या पठारावर, दंडोबासारख्या डोंगरावरच्या गवताळ माळावर अशी कंदाची झाडं असतात. त्यातल्या अनेक ठिकाणी वनखात्याचा पहारा नसतो. तिथे गावच राखणदार.

गावाने काय करावं, काय टाळावं

- फुलावर असलेलं झाड उपटू नका, कंद खणू नका. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा.
- घरच्या कुंडीसाठी किंवा दुसऱ्या डोंगरावर लावण्यासाठी कंद हलवू नका. हेतू चांगला असला तरी झाड बहुतेक वेळा मरतं. जगलं तर वर सांगितलेली गुणसूत्रांची अडचण येऊ शकते.
- मुरूम, रस्ता किंवा बांधकामाची जागा ठरवताना ती पावसाळ्यात एकदा तरी बघून घ्या. उन्हाळ्यातलं मोकळं पठार मोकळं नसतं.
- वणवा लावू नका. पठारावर गाडी घालू नका.
- रानकांदा, कळलावी विकत घ्यायला कोणी आलं तर ग्रामपंचायतीला कळवा.

जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातल्या झाडापेरांची, प्राण्यांची आणि त्यांच्या वापराची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत ठेवणं हे तिचं काम. खरचुडी कुठल्या माळावर, कोणत्या महिन्यात फुलते, रानकांदा कुठल्या उतारावर आहे, गावात त्याला काय म्हणतात, ही माहिती या नोंदवहीत गेली पाहिजे. ती जुन्या माणसांकडे आणि गुराख्यांकडे असते. पुढे अभ्यासक मुळाचं टोक न्यायला आले तर कुठे जायचं हे त्या नोंदीवरूनच कळतं. त्या पठारावर काही बांधायचं ठरलं तर ग्रामसभेत दाखवायलाही लेखी कागद हातात असतो.

नोंदवहीत ही झाडं आहेत का, हे ग्रामपंचायतीत विचारून बघता येईल. नसतील तर श्रावण-भाद्रपदात, फुलं असताना, माळावर एक फेरी मारून त्यांची नोंद करून घ्यावी.